योगू झोपलाय

माझ्या तोंडाला लागायची गावात कुणाची छाती नाही. फुशारकी मारत नाही, विचारून बघा. शहाद्याकडून येताना फाट्यावर चहाची टपरी लागते, तिथे विचारा, तापीबाई कशी बाई आहे. तो टपरीवाला आधी मागे वळून बघेल, मी उभी नाही याची खात्री करेल आणि मगच तोंड उघडेल.

आमच्याकडे माणसाला दोन नावं असतात. एक आईबापानं ठेवलेलं, ते शाळेच्या दाखल्यावर राहतं. दुसरं गावानं ठेवलेलं, ते तिरडीपर्यंत सोबत येतं. आणि आमच्या गावातली अर्धी नावं माझ्या ओट्यावर जन्मलेली आहेत. शाळेतच दाढी फुटलेला एक पोरगा होता, त्याला मी सहज बोकड्या म्हटलं. त्याच्या लग्नाची पत्रिका आली तेव्हा वरचं नाव वाचून लोक विचारायला लागले, हा कोण बुवा, लग्न तर बोकड्याचं होतं ना. आमचा दूधवाला भाईदास लहानपणी बैलगाडीवरून पडला, पाय मोडून घेतला. काठी टेकत माझ्या ओट्यासमोरून जायचा. मी म्हटलं, चालला बघा लंगडा. पाय पुढे चांगला बरा झाला. पोरगा तालुक्याला पळण्याच्या शर्यतीत पहिला आला. आज चाळिशीला टेकलाय, दोन लेकरांचा बाप आहे, तरी लंगडा भाईदासच. लोकांनी फोनमध्येसुद्धा तसाच भरून ठेवलाय.

तेव्हा नाव पडणं म्हणजे काय, हे मला कुणी शिकवायला नको होतं.

माझा नातू योगेंद्र, आमचा योगू, दोन वर्षांचा झाला तरी बोलेना. आधी मी मनावर घेतलं नाही. म्हटलं, बोलेल, कुठं जातंय. माझा हेमकांत तरी कुठे लवकर बोलला होता. मग सव्वादोन झाली, अडीच झाली. ‘आ’ आणि ‘म्म’ याच्या पुढे गाडी सरकेना. जिभेला वेखंड उगाळून लावलं. मारुतीच्या देवळातली घंटा धुऊन ते पाणी पाजलं. पालथ्या घड्यावर पाणी.

आणि डोकं कसं, तर मोठ्यांनी हात टेकावेत. घरातली कुठली किल्ली कुठल्या कुलपाची, हे माझ्यापेक्षा त्याला जास्त ठाऊक. शेतात लाइट आली की पाण्याच्या मोटारीला लावलेल्या यंत्राचा फोन त्याच्या आजोबांच्या मोबाइलवर वाजतो. तो वाजला की हा टोपी आणि गाडीची किल्ली घेऊन दारात हजर. सगळ्यात मोठं वेड चपलांचं. ओट्यावर कितीही चपला पडलेल्या असोत, जोडीला जोडी लावून, टाचा भिंतीकडे करून ओळीनं मांडणार. माणूस जायला उठला की त्याचीच जोडी त्याच्या पुढ्यात सरकवणार. चुकला असं मी कधी पाहिलं नाही. पण ‘चप्पल’ म्हण म्हटलं, की माझ्या तोंडाकडे बघत राहायचा.

बघायचा असा, जणू माझं तोंड म्हणजे कुलूप आहे आणि तो किल्ली शोधतोय.

आमच्या भागात गुजराथी मंडळींची एक म्हण सगळ्यांच्या तोंडी आहे. बोले तेना बोर वेचाय. बोलेल त्याची बोरं विकली जातात. माझी तर आयुष्यभर विकली गेली. सोयरीक जमवायची, भांडण मिटवायचं, बाजारात मिरचीचा भाव पाडून घ्यायचा, लोक मला सोबत नेतात. आमचे हे, हिंमतराव, दिवसातून चारदा ‘हूं’ म्हणतात, बाकीचं सगळं बोलणं या घरात मी केलंय. आणि माझाच नातू मुका निघाला, असं लोक म्हणणार. मला लाज वाटायला लागली. दुसरा शब्द नाही त्याला. पोटच्या पोराच्या पोराची लाज वाटत होती.

एक दिवस बेबी आली. बेबीबाई माझी चुलत जाऊ, वयानं लहान, बोलण्यात माझ्याच हाताखाली तयार झालेली आणि आता माझ्याहून धारदार. तिची नात भाविका योगूच्याच वयाची. ती पोरगी येता-जाता कविता म्हणते, फोनवर सुरतेच्या मामाला शिव्या देते. बेबीनं योगूची हनुवटी धरली.

“म्हन बेटा, आजी. आ-जी.”

योगूनं तिची चप्पल तिच्यापुढे आणून ठेवली.

“का वं ताई,” बेबी म्हणाली, “ह्याले बोलता येस नही का?”

तिच्या ओठांवर नाव येताना मला दिसलं. मला दिसतंच ते, माझाच धंदा. मी घाईनं म्हटलं, “जपेमाईन उठेल शे, बाई. आळसायेल शे.” झोपेतून उठलाय. आणि त्याला उचलून आतल्या खोलीत नेलं.

तेव्हापासून सुरू झालं. आमचं फाटक लोखंडी आहे, उघडलं की बिजागरी अशी किंचाळते की गल्लीला कळतं. फाटक वाजलं की मी हातातलं टाकायची, योगूला आतल्या खाटेवर निजवायची, अंगावर गोधडी ओढायची. “जपी जा बेटा, पाहुना उना. जपी जा.” आणि बाहेर येऊन म्हणायची, जपेल शे, झोपलाय. सून बँकेत कामाला, सकाळी शहाद्याला गेली की दिवे लागायला घरी. मुलगा सुरतेला कंपनीत, सुटीला येणार. दिवसभर घरात आम्ही दोघं आणि हे. विचारायला कोण होतं.

थोड्याच दिवसांत मला उठावंही लागेना. फाटक वाजलं की योगू हातातलं खेळणं खाली ठेवायचा, आपणहून आत जायचा, खाटेवर चढायचा आणि गोधडी ओढून घ्यायचा. मला काय वाटलं माहीत आहे का? मला वाटलं, किती गुणी पोर. एकदा सांगितलं की कळतं.

स्वप्नाली, माझी सून, तशी मवाळ. आवाज चढवत नाही. पण एकदा ठरवलं की हलत नाही, हे मला लग्नाच्या बोलणीतच कळलं होतं. तिनं नंदुरबारला वाचा-उपचार करणाऱ्या एक मॅडम शोधून काढल्या. मी म्हटलं, “कशाला गावभर करतेस? नंदुरबारच्या स्टेशनावर आपल्या गावचे लोक भेटतात.” ती म्हणाली, “भेटू देत, आई.” आणि बँकेच्या सुटीच्या शनिवारी त्याला घेऊन निघाली. दुसऱ्या खेपेला मीही गेले. म्हटलं, बघू तरी काय जादू करते.

प्रतिभा मॅडम, वय असेल तिशीचं. सतरंजीवर योगूसमोर मांडी घालून बसल्या. त्याच्या कानाची तपासणी आधीच झाली होती, ऐकू चांगलं येत होतं. मॅडमनी डब्या, झाकणं, गाड्या त्याच्यापुढे ठेवल्या. त्यानं सगळी झाकणं ज्या त्या डब्यांवर बसवली आणि मॅडमच्या चपला दाराबाहेरून आणून नीट लावल्या. मॅडम हसल्या. “डोकं वयाच्या पुढे आहे याचं. बोलणं तेवढं मागे राहिलंय. मागून येईल, पण आपण त्याला वाट द्यायची.”

“घरात अहिराणी बोलतो म्हणून तर नाही ना?” मी विचारलं. कुणीतरी मला तसं सांगितलं होतं.

“नाही हो. ज्या भाषेत तुम्ही हसता, रागावता, तीच बोला.”

“मग मी तर दिवसभर बोलत असते.”

“बोलता,” मॅडम म्हणाल्या, “पण थांबता का? एक शब्द बोलायचा, मग गप्प राहून त्याच्याकडे बघायचं. त्याची पाळी येऊ द्यायची.”

स्वप्नालीनं खाली बघून हसू दाबलं. मला राग आला, पण गिळून टाकला.

मग त्यांनी हाताच्या खुणा शिकवायला घेतल्या. पाणी हवं तर अंगठा तोंडाकडे. आणखी हवं तर बोटांची टोकं एकमेकांवर टेकवायची. मी म्हणजे छातीवर हात. झोप म्हणजे दोन्ही तळवे गालाखाली. मी तिथल्या तिथे म्हटलं, हातवारे शिकवून तुम्ही पोराला जन्माचा मुका कराल. मॅडम चिडल्या नाहीत. म्हणाल्या, हात जिभेला अडवत नाहीत, आजी. आपलं म्हणणं समोरच्याला कळतंय हे पोराला एकदा समजलं, की त्याला आणखी सांगावंसं वाटतं. आणि दुसरं, त्याला माणसांत ठेवा. तुमच्याकडे येणारे-जाणारे भरपूर असतील. त्यांच्यात त्याला खेळू द्या.

“हो, हो,” मी म्हटलं.

येताना स्वप्नालीनं परत विचारलं, “आई, दिवसभर लोक येतात ना आपल्याकडे? असू द्याल ना त्याला त्यांच्यात?”

“अगं, असतोच तो,” मी म्हटलं.

खुणा मी शिकले नाही. स्वप्नाली रात्री स्वयंपाक करता करता त्याच्याशी हातानं बोलायची. तो भराभर उचलायचा. मी पाठ फिरवून बसायची.

असे काही महिने गेले. पावसाळा लागला, कापूस गुडघ्याला आला. एका संध्याकाळी नंदुरबारहून आल्यावर स्वप्नाली जेवायला बसली, पण भाकरी नुसतीच कुस्करत राहिली.

“आई, मॅडम एक विचारत होत्या. तिथे कोणी नवीन माणूस आत आलं, की योगू खेळणं सोडून सतरंजीवर आडवा होतो. डोळे घट्ट मिटून घेतो. माणूस जाईपर्यंत उघडत नाही. त्यांनी असं कधी पाहिलं नाही म्हणाल्या. घरी पाहुणे आले की करतो का तो असं?”

मी तांब्या उचलला. पाणी प्यायले.

“नाही बाई,” मी म्हटलं. “घरी तर चांगला खेळतो.”

ह्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं. मग दुधात भाकरी चुरून खाली मान घातली. ‘हूं’ सुद्धा म्हणाले नाहीत.

“मग नाशिकला मोठ्या डॉक्टरांना दाखवा म्हणाल्या. बोलण्याखेरीज आणखी काही आहे का, ते बघायला. राखीनंतरची तारीख घेतलीय.” स्वप्नालीनं पदरानं डोळे पुसले. “मी नोकरी सोडते, आई. माझंच दुर्लक्ष झालंय.”

आता बघा. समोर पोरगी रडतेय, नोकरी सोडायला निघालीय, नातवाला भलताच कसला तरी आजार ठरवायला डॉक्टर बसतील, आणि याचं कारण या घरात एकच माणूस सांगू शकतं. ज्या बाईनं पंचांसमोर पाटलाला गप्प केलं, त्या बाईचं तोंड उघडेना. मी तिच्या ताटात भाजी वाढली आणि म्हटलं, जेव आधी.

दुसऱ्या दिवशी भाईदास दूध घेऊन आला. फाटक किंचाळलं. योगू माझ्यासमोर मक्याचं कणीस सोलत बसला होता. त्यानं कणीस खाली ठेवलं, हात चड्डीला पुसले आणि आत गेला. मी बघत राहिले. बाहेरून भाईदास रोजच्यासारखा म्हणाला, “नातू जपेल शे का, काकू?” आणि मी रोजच्यासारखं हो म्हटलं.

मग कानबाई आली.

श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्या खान्देशात कानबाई देवी बसते. तिच्या रोटांचा, प्रसादाच्या जाड पोळ्यांचा, गहू आदल्या दिवशी काढतात. सगळी भाऊबंदकी एका घरी जमते, आणि कुळातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू टोपलीत पडतो. त्या पिठाचे रोट फक्त भाऊबंदांनी खायचे. आमच्या कुळात आणखी एक रीत आहे. पोरगा तिसऱ्या वर्षात असला की त्याची मूठ बाप घालत नाही. तो स्वतः घालतो आणि सगळ्यांसमोर आपलं नाव मोठ्यानं सांगतो. मग घरातला वडील माणूस म्हणतो, पडनी मूठ. तेव्हा तो भाऊबंदांत मोजला जातो.

यंदा रोट आमच्या घरी होते. आणि योगूचं तिसरं सरत आलं होतं.

हेमकांत रजा काढून आला होता. स्वप्नाली सकाळी मला म्हणाली, “नाव नाही सांगता आलं तरी चालेल, आई. छातीवर हात ठेवेल तो. मी शिकवलंय. ‘मी’ म्हणून.” तिचा चेहरा इतका उजळला होता की मला बघवेना. मी म्हटलं, बघू. मनात म्हटलं, सगळ्या भाऊबंदकीपुढे? बेबीच्या पुढे? माझा नातू छाती बडवून दाखवणार आणि संध्याकाळपर्यंत गावात त्याचं बारसं होणार? धरणी फाटली तर मी आधी आत जाईन.

दुपारी फाटक वाजायला लागलं. एक घर आलं, दुसरं आलं. ओट्यावर चपलांचा ढीग पडला. मी योगूला लपवायला गेले, तर तो आधीच आत गेलेला. खाटेवर गोधडीचा उंचवटा दिसला. मी दार ओढून घेतलं. स्वयंपाकघरात स्वप्नाली खिरीची तयारी करत होती, तिला जाऊन सांगितलं, “झोपलाय. आत्ताच डोळा लागलाय, उठवू नको, चिडेल.”

“उठला की आणा हं,” ती म्हणाली. तिनं माझ्यावर विश्वास ठेवला. नेहमीसारखाच.

ओसरीत टोपली मांडली. हे पाटावर बसले. एकेक पुरुष पुढे येऊन मूठ घालायचा, वर सव्वातली पाव म्हणून चिमटीभर घालायचा, नाव सांगायचा. हेमकांतची झाली. बेबीच्या नवऱ्याची झाली. बेबी मध्येच फोन वाजला म्हणून ओट्यावर गेली. ह्यांनी आवाज दिला, “योगेंद्र हेमकांत.”

“जपेल शे तो,” मी पटकन म्हटलं. “त्याची मूठ यंदा बापच घालेल.” झाकली मूठ सव्वा लाखाची, असं मनात म्हणत होते.

हेमकांत पुढे झाला. तेवढ्यात बेबी दारात आली. फोन हातात तसाच होता, आणि ती माझ्याकडे बघत होती.

“का वं ताई, तुन्हा नातू जपेल शे ना?”

“हो.”

“मंग बाहेर चपला कोन्ही मांड्यात?”

सगळे वळले. मीही बघितलं. मघाचा ढीग नव्हता. ओट्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चपला ओळीनं लावलेल्या, टाचा भिंतीकडे. मोठ्यांच्या, पोरांच्या, प्रत्येक घराच्या वेगळ्या. कुणाचं लक्ष नसताना तो मागच्या दारानं बाहेर येऊन सगळं करून परत गेला होता.

स्वप्नाली स्वयंपाकघरातून बाहेर आली. तिनं ती ओळ बघितली, माझ्याकडे बघितलं, आणि आतल्या खोलीचं दार उघडलं. मागोमाग बेबी, बाकीच्या बायका, हेमकांत. मी सगळ्यांच्या मागे.

योगू खाटेवर होता. गोधडी हनुवटीपर्यंत ओढलेली. डोळे इतके घट्ट मिटलेले की नाकाला सुरकुत्या पडल्या होत्या. गोधडीवर धरलेली बोटं चपलांच्या चिखलानं माखलेली.

“योगू,” स्वप्नालीनं हाक मारली.

त्यानं एक डोळा किलकिला केला. दारात एवढी माणसं बघून तो घाबरला. मग गोधडीतून हात बाहेर काढले आणि आधी छातीवर हात ठेवला. नंतर दोन्ही तळवे जोडून गालाखाली घेतले. आणि डोळा परत मिटला.

मॅडम किती दिवस वाट बघत होत्या, की हा दोन खुणा एकापुढे एक जोडेल. त्याचं पहिलं वाक्य ते. आणि ते माझं खोटं होतं.

“माय वं,” बेबी हलकेच म्हणाली, “हाऊ ते सांगी ऱ्हायना. मी जपेल शे म्हनी.”

कुणीतरी हसलं. वाईट नव्हतं ते हसणं, पण मला चटका बसला. स्वप्नाली हसली नाही. तिनं वळून विचारलं, तिच्या त्या न चढणाऱ्या आवाजात, “आई, पाहुणे आले की झोपायचं, हे त्याला कोणी शिकवलं?”

मला चार उत्तरं सुचली. मला कायम सुचतात. बेबी तिथेच होती, तिच्या सुना होत्या, ओसरीतून हे बघत होते.

“मी,” मी म्हटलं. “फाटक वाजलं की मीच निजवते त्याला. पहिल्यापासून. लोक नाव ठेवतील म्हणून.” मग स्वप्नालीकडे वळले. “तुझ्या मॅडमला सांग, तो आडवा होतो तो आजार नाही. ते मी केलंय. आणि नोकरी सोडू नको.”

स्वप्नालीनं वळून पोराकडे तोंड केलं. ती बोलली असती, ओरडली असती, तर मला सोपं गेलं असतं. हेमकांत भिंतीकडे बघत होता. माझा मुलगा माझ्याकडे बघेना, हे मी पहिल्यांदा पाहिलं.

मी खाटेजवळ खाली बसले. “योगू, उठ बेटा. तू जपेल नही शे. तू जागा शे.” तो हलला नाही. त्याला वाटलं असेल, ही परीक्षा आहे. पाहुणे अजून दारातच होते ना. मी खूप बोलले, नेहमीसारखी, भराभर. काही उपयोग होईना.

मग सगळ्यांसमोर मी स्वप्नालीला विचारलं, “उठ कसं म्हणतात गं, हातानं?”

तिला लगेच दाखवावंसं वाटलं नाही, ते मला दिसलं. मग तिनं तळवा आभाळाकडे केला आणि हळू वर उचलला. तोंड माझ्याकडे न करता.

मी तसा तळवा केला. योगूचा गाल मी दुसऱ्या हातानं कुरवाळला तेव्हा त्यानं डोळे उघडले. माझ्या हाताकडे बघितलं, मग आईकडे. आईनं मान हलवली, तेव्हा तो उठला. माझ्यावर त्याचा विश्वास बसला नव्हता.

ओसरीत त्यानं मूठ भरली. चिखलाच्या हातानंच. टोपलीत टाकली, चिमटीभर आणखी टाकली, सगळ्यांचं बघून ठेवलं होतं त्यानं दाराच्या फटीतून. मग उभा राहिला आणि छातीवर हात ठेवला. मी बेबीच्या तोंडाकडे बघत होते. तिनं पदर तोंडाला लावला होता.

आमचे हे, दिवसाला चार ‘हूं’ म्हणणारे, खाकरले आणि म्हणाले, “योगेंद्र हेमकांत. पडनी मूठ.”

मी योगूला मांडीवर घेतलं. बायकांनी कानबाईचं गाणं सुरू केलं. मला गाता येईना, दरवर्षी मीच सुरू करते. बेबीनं माझा सूर उचलला.

तेवढ्यात फाटक किंचाळलं. भाईदास खिरीचं दूध घेऊन आला होता. आणि माझा नातू माझ्या मांडीवरून उतरला, टोपलीला वळसा घालून, माणसांच्या गुडघ्यांमधून वाट काढत आत निघाला.

गाणं थांबलं. मी धावले. त्याला खाटेजवळ गाठलं, कडेवर घेतलं आणि तशीच सगळ्यांमधून बाहेर आले, ओटा उतरले, थेट फाटकापाशी.

“नातू जपेल शे का, काकू?” भाईदासनं कॅनवरून नजर न उचलता विचारलं.

“नही,” मी म्हटलं. “जागा शे. बोलत नही आजून, पन जागा शे, भाईदास.”

नुसतं भाईदास. माझ्या तोंडून ते त्यानं कधी ऐकलं नव्हतं. तो कॅन हातात धरून बघत राहिला. मग योगूकडे बघून हसला आणि म्हणाला, “पन काकू, त्याना ते डोया मिटेल शेतस.”

मी बघितलं. योगूनं माझ्या कडेवर डोळे गच्च मिटून घेतले होते. नाकाला सुरकुत्या. मी मोकळा तळवा त्याच्या तोंडासमोर धरला, वर उचलला. परत उचलला. पण डोळे मिटलेल्या पोराला हात दिसणार कसा.